तुरट ही चव की स्पर्श?

जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते, हे हरसूलच्या मुलांना सांगावे लागत नाही. फ्रान्समधील बोर्दोच्या लाल वाइनमध्येही असाच तुरटपणा असतो. द्राक्षांचा रस साली-बियांसकट आंबवल्याने त्यात टॅनिन उतरते. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासू लागते. म्हणून तुरटपणा आम्ही चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा मानतो. (आयुर्वेदाने मात्र त्याला सहा रसांत बसवले आहे!) फ्रेंच लोक ही वाइन कोकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर घेतात. मांसातील प्रथिने व चरबी टॅनिनला अडकवतात, लाळ वाचते. वर्गात अर्थातच वाइन नको. आधी कडक कोरा चहा, मग त्यातच दूध घालून चाखावा. दुधातील केसीन तेच काम करते.