वढूच्या नोंदवहीतील ऊन

ग्रामीण भागात उन्हामुळे होणारे मृत्यू आकडेवारीत सहसा स्वतंत्रपणे दिसत नाहीत, कारण पुष्कळ जण घरीच, डॉक्टरांच्या गैरहजेरीत दगावतात आणि कारणाच्या रकान्यात उष्माघाताऐवजी हृदयविकार किंवा नुसते वार्धक्य लिहिले जाते. ही उणीव भरून काढण्यास आरोग्य व लोकसंख्या निरीक्षण व्यवस्था, म्हणजे ठरावीक गावांतील घरोघरी नियमित जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची अखंड नोंद ठेवण्याची पद्धत, उपयोगी पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ मध्ये वढू बुद्रुक परिसरातील २२ गावांत ती सुरू केली. घरात मृत्यू झाला असल्यास प्रशिक्षित कार्यकर्ता ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, छातीत दुखले का, असे कुटुंबीयांना क्रमाने विचारतो आणि त्या उत्तरांवरून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात. यास मौखिक शवपरीक्षा म्हणतात. या नोंदी दैनंदिन तापमानाशी ताडून पाहता, उष्ण दिवसांत असंसर्गजन्य आजारांचे मृत्यू वाढतात आणि त्याची झळ कामकरी वयाच्या पुरुषांनाही बसते, असे आढळले. उन्हाळ्यातील सूचनांचा रोख मात्र बहुधा वृद्ध आणि बालकांकडेच असतो. अहमदाबादचा २०१३ चा उष्णता कृती आराखडा गाजला, पण तो महानगरासाठी होता. दुपारी घरात थांबण्याचा सल्ला शेतमजुराने पाळायचा, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती भरून देण्याची तरतूद अशा सल्ल्यांत क्वचितच असते.