गृहरचनाकाराची फी : किती, आणि कोणाकडून?

‘घर पहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर म्हणजे पाया, भिंती आणि छप्पर. आतां शहरांतील बहुतेक कुटुंबें घर बांधीत नाहींत. तीं सदनिका विकत घेतात, आणि किल्ली हातीं आल्यावर खर्चाचा दुसरा अध्याय सुरू होतो. ओटा, कपाटें, माळे, दिवे, फरशी, देवघर, मुलांचीं अभ्यासाचीं मेजें या सर्वांची योजना करून देणारा एक नवा व्यावसायिक त्या वेळीं आपल्या उंबरठ्याच्या आंत येतो. त्यास सर्वजण ‘इंटिरिअर डिझायनर’ म्हणतात. आम्ही या लेखापुरतें त्यास ‘गृहरचनाकार’ म्हणूं. या व्यवसायांत स्त्रियाही पुष्कळ आहेत; वाचकांनीं या शब्दांत त्यांचाही अंतर्भाव समजावा.

या व्यावसायिकाविषयीं वडील मंडळींत दोन ग्रह आढळतात. कित्येकांस तो श्रीमंतांचा शोक वाटतो, तर कित्येकांस सुतार आणि मालक यांच्यामध्यें उभा राहून पैसे काढणारा मध्यस्थ वाटतो. दोन्ही ग्रह अपुरे आहेत. सहाशे-सातशे चौरस फुटांत तीन पिढ्यांचा संसार बसवावयाचा, तर जागेचा हिशेब जाणणारा माणूस पाहिजेच. प्रश्न एवढाच, कीं त्याच्या ज्ञानाचें मोल कसें ठरावें आणि तें त्यास कोणाच्या हातून मिळावें. या दोन प्रश्नांपैकीं दुसरा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचें कारण ओघानें येईलच.

हा प्रश्न नवा नव्हे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या, सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या विधिसंग्रहांत घर बांधणाराचा मेहनताना क्षेत्रफळावर ठरवून दिलेला आहे : दर ‘सार’ क्षेत्रास दोन शेकेल चांदी. लगेच पुढच्या कलमांत, काम कच्चें राहून घर कोसळलें आणि मालक दगावला तर बांधणारास देहान्त शासन सांगितलें आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांच्या नियमनानें होतो. ठरल्या स्थळीं, ठरल्या काळीं, ठरलेलें काम त्यानें करावें. मुदत टळल्यास वेतनाचा चतुर्थांश कापून त्याच्या दुप्पट दंड करावा. सांगितलें एक आणि केलें दुसरें, तर वेतनच बुडावें आणि वर दुप्पट दंड व्हावा, असा तेथील आशय आहे. आज असे दंड कोणी मागणार नाहीं. परंतु मोबदला आणि जबाबदारी या दोन गोष्टी एकाच गांठींत बांधलेल्या असाव्यात, ही दृष्टि अद्यापि जुनी झालेली नाहीं.

आतां प्रचलित पद्धतींकडे वळूं. पहिली पद्धति शेंकडेवारीची. एकंदर खर्चावर ठराविक टक्के फी घ्यावयाची. समजा, काम २० लाखांचें ठरलें आणि फी शेंकडा १०, म्हणजे २ लाख रुपये. रचनाकारानें बुद्धि खर्च करून आजोबांचें सागवानी कपाट आणि जुनीं दारें कामीं आणलीं आणि खर्च १५ लाखांवर आणला, तर त्याची फी दीड लाख होते. ज्या सल्ल्यानें तुमचे पांच लाख वांचले, त्याच सल्ल्यानें त्याचे पन्नास हजार गेले! अमेरिकेंत या व्यवसायाचा पाया घालणारांत एल्सी डी वुल्फ ही बाई अग्रगण्य गणली जाते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेन्री क्ले फ्रिक या धनाढ्य कारखानदाराच्या न्यूयॉर्कमधील प्रासादासाठीं तिनें पॅरिसहून मूल्यवान् सामान निवडून दिलें, तें खरेदीवर शेंकडा दहा दलाली घेऊन; आणि त्या व्यवहारानें ती सधन झाली. तेथें लपवाछपवी कांहींच नव्हती. देणारास सर्व ठाऊक होतें. तथापि खर्च वाढला कीं फी वाढते, हा या पद्धतींतील अंगभूत दोष आहे. त्यावर एक सोपा उपाय असा, कीं प्रथम मान्य झालेल्या अंदाजपत्रकावर फी कायम करावी. पुढें खर्च घटला तरी ती घटूं नये, आणि वाढला तरी वाढूं नये. काम मात्र मालकाच्याच इच्छेनें वाढलें, तर वाढीव कामाची फी निराळी ठरवावी.

दुसरी पद्धति क्षेत्रफळाची. तिच्यांत ‘कोणतें क्षेत्रफळ?’ हा प्रश्न आधीं विचारावा. ७०० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका विक्रीच्या कागदावर १,००० चौरस फूट भरलेली असूं शकते. दर चौरस फुटास २०० रुपये धरला, तर एका मापानें फी १ लाख ४० हजार आणि दुसऱ्या मापानें २ लाख! दर एकच, घर एकच, आणि अंतर साठ हजारांचें.

तिसरी पद्धति ठोक रकमेची. मध्यमवर्गीय कुटुंबांस ती सर्वांत सोयीची. मात्र त्या रकमेंत काय काय येतें तें लिहिलेलें असावें. खोल्या किती, नकाशे किती, एकदां मान्य केलेल्या नकाशांत फेरफार किती वेळां, कामावर फेऱ्या किती. हें न लिहिल्यास मालकास वाटतें, रचनाकार टाळाटाळ करतो. रचनाकारास वाटतें, मालक पिळून घेतो. आणि बहुधा दोघेही आपापल्या परीनें खरे असतात.

चौथी पद्धति ‘सर्व कांहीं आम्हीच करून देऊं’ अशी. येथें नकाशे फुकट मिळतात, फी दिसतच नाहीं; काम, सामान आणि नफा एकाच आंकड्यांत असतो. धांवपळ वांचते हें खरें. परंतु सुताराचें काम नीट झालें कीं नाहीं हें सांगणारा निःपक्ष माणूस तेथें उरत नाहीं. ज्यानें उत्तरपत्रिका लिहिली त्यासच तपासावयास दिली, तर गुणांचें काय होईल हें आम्हां शाळामास्तरांस कोणीं सांगावयास नको. ही पद्धति स्वीकारावयाची तर प्लायवुड कोणत्या मानकाचें, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या सरकपट्ट्या कोणत्या कंपनीच्या, हें आधीं लिहून घ्यावें आणि माल उतरतांना घरच्या कोणीं तरी तो पहावा. पाण्याजवळच्या कामासाठीं भारतीय मानक ब्यूरोच्या ७१० क्रमांकाच्या मानकाचें मरीन प्लायवुड ठरलें असेल, तर तो क्रमांक प्रत्येक फळीवर छापलेला दिसला पाहिजे.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. टाइल्सच्या किंवा दिव्यांच्या दुकानांत गेलेल्या पुष्कळांस हा अनुभव असेल : किंमत विचारतांच दुकानदार उलट विचारतो, ‘तुमचे डिझायनर कोण?’ या साध्या प्रश्नांत बरेंच कांहीं दडलेलें असतें. कित्येक विक्रेते गिऱ्हाईक आणणारास विक्रीवर दलाली देतात. समजा, सामान १२ लाखांचें आणि दलाली शेंकडा १०. म्हणजे १ लाख २० हजार रुपये. हे रुपये विक्रेता आपल्या पदरचे देत नाहीं. ते त्यानें किंमतींत आधींच धरलेले असतात. ‘आमचा डिझायनर फारच स्वस्त, लाखाच्या आंत सर्व नकाशे करून दिले’ असें म्हणणाऱ्या गृहस्थानें कदाचित् एक लाख उजव्या हातानें आणि सव्वा लाख डाव्या हातानें दिलेले असतात. पैशाहून मोठी हानि निराळीच. ‘हाच दगड घ्या’ असें रचनाकार म्हणतो, तेव्हां तो आपल्या घरासाठीं बोलतो कीं दुकानदारासाठीं, हें आपणांस कळेनासें होतें. सल्ल्यांतून विश्वास वजा केला, म्हणजे मागें केवळ बडबड उरते.

आमच्या व्यवसायांतील उदाहरण घेऊं. एखाद्या शिक्षकानें मार्गदर्शिकेच्या प्रकाशकाकडून दर प्रतीमागें पैसे घेतले आणि वर्गांत ‘हीच मार्गदर्शिका विकत घ्या’ असें सांगितलें, तर ती मार्गदर्शिका उत्तम असली तरी तें सांगणें दूषितच. रचनाकारासही हाच न्याय. विक्रेत्याकडून सूट मिळत असेल तर ती मालकाच्या बिलांत उतरावी. आणि रचनाकार ती स्वतः ठेवणार असेल, तर तसें त्यानें आधींच सांगावें आणि मालकानें मान्य करावें. उघडपणें घेतलेला पैसा मेहनताना ठरतो. तोच लपवून घेतला तर दुसऱ्या धन्याचा पगार होतो.

कायदा येथें कितपत साह्य करतो? १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानें वास्तुविशारदांची परिषद स्थापन झाली. १९८९ च्या आचारनियमांनीं त्यांस बजावलें आहे, कीं अशील किंवा काम मिळवून देण्याघेण्यासाठीं दलाली, सूट वा भेटी देऊं नयेत आणि घेऊं नयेत. तसेंच आपल्या अटी व मोबदला अशिलास कळवावा. हे नियम मोडल्यास परिषदेकडे तक्रार करतां येते. गृहरचनाकारांसाठीं मात्र अशी वैधानिक परिषद नाहीं. २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं त्या कायद्यानें ‘वास्तुविशारद’ ही पदवी नोंदणी नसलेल्यांस लावतां येत नाहीं. पण तें काम करण्यास त्यांस बंदी नाहीं. म्हणजे उद्यां कोणीही गृहरचनाकाराची पाटी लावूं शकतो. १९७२ सालींच मुंबईस स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही संस्था आपल्या सभासदांसाठीं आचारसंहिता ठेवते. परंतु सभासद होणें ऐच्छिक आहे. मौज अशी, कीं १९६१ च्या आयकर कायद्यानें वकिली, वैद्यकी आणि वास्तुविद्या यांच्या पंक्तीस गृहसजावटीचें नांव व्यवसाय म्हणून घातलें होतें. कर घेण्यासाठीं पंक्तींत पान मांडलें, पण आचमनाचे नियम सांगावयास कोणी बसविलें नाहीं! सेवेंत खोट राहिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. साधारणतः दोन वर्षांच्या आंत. पण तेथेंही प्रथम विचारतात : काय ठरलें होतें तें कागदावर दाखवा.

येथवर रचनाकाराचा धर्म सांगितला. आतां थोडें आपल्या घराकडे पाहूं. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत लांकडाचे पैसे देतांना हात आखडत नाहीं, संगमरवराचे देतांना आखडत नाहीं. पण कागदावरील रेघांचे पैसे देतांना आखडतो. ‘चार रेघा ओढावयाचे लाख रुपये?’ हा उद्गार विद्येवर जगलेल्या घरांतून निघावा, हें विशेष. जो रचनाकार आपली रास्त फी स्पष्ट सांगतो त्यास आपण नाकारतों, आणि जो ती निम्म्यानें सांगतो त्यास ‘माणूस चांगला’ म्हणतों. मग उरलेली निम्मी तो कोठून काढणार, याचा विचार आपण करीत नाहीं. लपलेल्या दलालीस आपली ही घासाघीसही कांहीं अंशीं जन्म देते.

दुसरी गोष्ट. एकाकडून नकाशे करवून घ्यावयाचे, ‘कळवितों’ म्हणून त्यास निरोप द्यावयाचा आणि तेच नकाशे मोबाइलवर सुतारास दाखवून काम उरकावयाचें, हा प्रकार सभ्य म्हणविणाऱ्या घरांतही घडतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानें असें रेखन कलाकृतींत मोडतें, आणि लेखी करार निराळा नसेल तर त्यावरील हक्क सामान्यतः तें करणाराचाच राहतो. कायदा बाजूस ठेवला तरी दुसऱ्याची वही उतरवून काढणाऱ्या मुलास आपण काय म्हणतों?

एकत्र कुटुंबांत आणखी एक नाजूक बाब असते. पैसे देणारा एक आणि राहणारे सात-आठ. सासूबाईंस देवघर पूर्वेस हवें, सूनबाईंस तेथें कामाचें मेज हवें, आणि आजोबांस न्हाणीघरांत धरावयास दांडा हवा. पण तो मागावयास त्यांस संकोच वाटतो. चांगला रचनाकार धनादेशावर सही करणाराचेंच ऐकत नाहीं. ओट्याची उंची ठरवितांना तो स्वयंपाक करणारीस उभें करून माप घेतो आणि आजोबांचा दांडा न मागतां नकाशांत घालतो. मात्र शेवटचा होकार कुटुंबांतील एकाच व्यक्तीनें द्यावा, नाहीं तर चार तोंडांच्या चार आज्ञांनीं रचनाकार बिचारा वेडा व्हावयाचा. आणि घराची तिजोरी कोठें, कोण कोठें निजतें, हें ज्यास ठाऊक झालें त्यानें तें स्वतःजवळच ठेवावें. घराचीं छायाचित्रें जाहिरातीस वापरावयाचीं तर परवानगी घ्यावी. वैद्यास जें बंधन, तेंच यास.

म्हणून आमची सूचना अशी. काम सोंपविण्यापूर्वीं दोन पानांचा करार करावा. त्यांत फीची पद्धति आणि रक्कम, तीवरील वस्तु व सेवा कर, कामाची व्याप्ति, फेरफारांची संख्या, मुदत, आणि हप्ते कोणत्या टप्प्यास द्यावयाचे तें असावें. सर्व रक्कम आगाऊ देऊं नये. पण टप्पा पुरा झाल्यावर हप्ता एक दिवसही अडवूं नये. काम मध्येंच थांबल्यास तोंवरच्या श्रमाचें काय, तेंही लिहावें. आणि एक वाक्य अवश्य घालावें : विक्रेते वा कंत्राटदार यांच्याकडून मिळणारी कोणतीही सूट वा दलाली मालकास कळविली जाईल आणि त्याच्या हिशेबीं जमा होईल. हें वाक्य वाचून जो रचनाकार शांतपणें सही करील, त्याची फी शेजारच्यापेक्षां पन्नास हजारांनीं अधिक असली तरी ती आनंदानें द्यावी. जो रागावेल, त्यास चहा पाजून नम्रपणें निरोप द्यावा.