नाथसागरातली उन्हाळी बेटे

नाथसागरावर पक्षी पाहायला लोक येतात ते थंडीत. रोहित, पट्टकदंब, चक्रवाक पाहून परततात. मेअखेरीला तिकडे कोणी फिरकत नाही. मी मात्र गेली काही वर्षे घनसावंगीहून मुद्दाम त्याच दिवसांत जातो. पाहुणे पक्षी उत्तरेला गेलेले असतात आणि घरच्या पक्ष्यांची पिल्ले वाढवण्याची घाई चाललेली असते.

जायकवाडी धरणाचे काम 1965 साली सुरू झाले आणि 1976 मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला 1986 मध्ये. सुमारे 102 टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात 26 टीएमसी मृतसाठा आहे. पण पक्ष्यांच्या दृष्टीने आकड्यांपेक्षा आकार महत्त्वाचा. विहिरीचे पाणी हातभर उतरले तरी काठ जागचा हलत नाही. परातीतले उतरले की काठ आत सरकतो. नाथसागर ही परात आहे. पाणी थोडे ओसरले तरी गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात, मधले उंचवटे बेटे होतात. काठच्या गाळपेऱ्यात शेतकरी पिके घेतात. बेटांवर नदी सुरय उतरतात.

पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी असलेला हा पक्षी घरटे असे बांधतच नाही. वाळूत उथळ खळगा करून दोन-तीन अंडी घालतो. दुपारी जमीन तापली की पोटाची पिसे भिजवून आणतो आणि अंड्यांवर बसतो. टिटवीही हेच करते. (ती उंचावर अंडी घालते की सखल जागी, यावरून आमच्याकडे पावसाचा अंदाज बांधतात, माझ्या वहीतल्या नोंदी त्याला अजून तरी साथ देत नाहीत.) अंडी फुटायला साधारण तीन आठवडे, पिल्ले उडायला आणखी जवळपास महिना. तेवढे दिवस भोवतीचे पाणी हेच त्यांचे कुंपण.

उन्हाळी आवर्तन सुटले की ते कुंपण खचते. कडक उन्हाने बाष्पीभवन होतेच, त्यात उपशाची भर पडते. पाणी खाली जाते, बेट काठाला चिकटते आणि कुत्री, कोल्हे, गुरे चालत आत येतात. 2016 च्या उन्हाळ्यात तर धरण मृतसाठ्यात गेले होते. आवर्तन थांबवा, असे म्हणण्याची माझी छाती नाही. डाव्या कालव्याच्या त्याच पाण्यावर माझी मोसंबी उभी आहे. जालना शहराची तहानही याच जलाशयावर भागते. पण कोणती बेटे आधी जोडली जाणार, हे एप्रिलमध्येच काठावरून सांगता येते. तेवढ्या दोन-चार ठिकाणी चर खणणे किंवा दीड महिना राखण ठेवणे अवघड नाही. निदान मासेमारी करणाऱ्यांना विचारावे. खोल पाणी कुठे टिकते हे त्यांना तोंडपाठ असते.

गेल्या मेमध्ये ज्या बेटासाठी मी होडी ठरवली होती, तिथे चालतच पोहोचलो. ओल्या गाळात माझ्याआधी कुत्र्याची पावले उमटलेली होती. सुरय डोक्यावर झेपावत ओरडत होते, म्हणजे काही अंडी शिल्लक असावीत. मी दहा पावलांतच मागे फिरलो. घरी आलो तेव्हा चारी काठोकाठ वाहत होती आणि मोसंबीला पाणी लागले होते.