उदरांतील दाब

फुटबॉलमध्यें हवा भरतांना एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आलीच असेल. प्रथम पंप सहज चालतो. पण आंतील रबरी पिशवी चामड्यास जाऊन भिडली, म्हणजे पुढें दोन-चार वेळां दट्ट्या दाबतांनाच हात भरून येतो. मनुष्याच्या पोटाचीहि अशीच स्थिति आहे. पोटाची भिंत लवचीक खरी. परंतु तिचें ताणणें संपलें, म्हणजे आंत थोडी जरी भर पडली तरी दाब झपाट्यानें चढतो.

जेवणानंतरच्या फुगण्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. अपघातांत पोटामध्यें रक्तस्राव होणें, स्वादुपिंडाचा तीव्र दाह होणें, किंवा फार भाजल्यामुळें रोग्यास शिरेवाटे पुष्कळ द्रव द्यावा लागणें, अशा प्रसंगीं हें संकट उद्भवतें. या शेवटच्या प्रकारांत तर जीव वाचविण्यासाठीं दिलेलें पाणीच आंतड्यांस सूज आणून दाब वाढवितें, हें विलक्षण होय.

दाब वाढला कीं खालच्या अंगाचें रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर दबते. श्वासपटल वर ढकललें जाऊन फुप्फुसांस पसरावयास जागा उरत नाहीं. मूत्रपिंडांस रक्त अपुरें मिळून लघवी कमी होते. दाब व लघवी यांचा हा संबंध वेंट नामक जर्मन वैद्यानें १८७६ सालींच नमूद केला होता. पण त्याचें महत्त्व वैद्यांच्या मनावर ठसावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं! अपघातानंतर पोट ताठ होऊन धाप लागली व लघवी उणावली, तर शेक-मालिश करीत घरीं बसूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें.

हातानें चांचपून हा दाब नेमका कळत नाहीं. अनुभवी डॉक्टरहि फसतात. म्हणून तो मूत्राशयांतून मोजतात. तेथें नळी घालून फार तर २५ मिलिलिटर निर्जंतुक मिठाचें पाणी सोडतात, आणि रोगी उताणा निजला असतां, श्वास सोडून झाल्याच्या क्षणीं, दाब पाहतात. आजारी प्रौढ मनुष्यांत तो पाऱ्याच्या सुमारें ५ ते ७ मिलिमीटरांइतका असतो. १२ किंवा अधिक टिकल्यास तो वाढलेला समजतात. २० च्या वर टिकून एखाद्या अवयवाचें कार्य नव्यानें बिघडलें, तर तें प्राणसंकट होय.

प्रथम जठर व आंतडीं यांतील वायु आणि द्रव नळीनें काढून घेतात. तेवढ्यानें न भागल्यास शल्यवैद्य पोट मधोमध उघडतात, आणि तें लगेच शिवीत नाहींत. जखम आच्छादून सूज उतरण्याची वाट पाहतात. यांत कित्येक दिवसहि जातात. कोणा पालकास आपल्या आप्ताचें पोट असें उघडें ठेविलेलें पाहण्याचा प्रसंग आलाच, तर तो हलगर्जीपणा समजूं नये. घाईनें शिवल्यास दाब पुन्हां चढण्याचें भय असतें.