बॉनेट मोठं म्हणजे काम सोपं?

बॉनेट लांबरुंद असलं की इंजिनाचं काम सोपं, असं अनेकांना वाटतं. खरं तर इंजिनाभोवती हात आणि पाना फिरायला किती जागा उरते, ते महत्त्वाचं.

अ‍ॅम्बॅसडरचं इंजिन उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेनं) बसवलेलं, दोन्ही बाजू मोकळ्या. आडव्या व्ही-६ इंजिनात मात्र सिलिंडरच्या दोन रांगांपैकी मागची रांग फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) सरकते. भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हात घालावा, तशी ही अडचण. अनेक मॉडेलांत तिथले स्पार्क प्लग बदलायला आधी इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवावा लागतो. मजुरी वाढते ती इथेच.

आणि इंजिन बॉनेटखालीच असतं असंही नाही: मारुती ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखाली!

जुनी गाडी घेताना प्लगपर्यंत हात पोहोचतो का, हे मेकॅनिकला जरूर विचारावं.