मिटिंग कोणती निवडावी?

आमच्या ह्यांची दारू सुटली ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मिटिंगांमुळे, पण पहिल्या मिटिंगमुळे नव्हे. तिथं बहुतेक पेन्शनर, आणि हे कारखान्यात पाळ्या करणारे. गप्प बसून परत यायचे. तिथल्याच एका जुन्या सभासदानं दुसऱ्या समूहाचा पत्ता दिला. तिथं रात्रपाळीवाले होते, रिक्षावाले होते. तिथं ह्यांचं तोंड उघडलं.

ही संघटना १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी सुरू केली. नाव एक असलं तरी प्रत्येक समूहाचा स्वभाव निराळा, म्हणून एका मिटिंगवरून ठरवू नका. भाषा बघा, मनातलं मराठीत येत असेल तर मराठी मिटिंगच हवी. आणि वेळ बघा. पूर्वी ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याच वेळची मिटिंग मला सगळ्यांत मोलाची वाटते. ‘खुल्या’ सभेला घरचे बसू शकतात, ‘बंद’ सभा फक्त मद्यपींसाठी. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. डॉक्टरांची औषधं बंद करा, असं कोणी सांगितलं तर मात्र मुळीच ऐकू नका.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर, मग मिटिंग.

बायका, आईवडील, भावंडांसाठी अल-अनॉनचे समूह वेगळे असतात. मी तिथं जाते. घरचा माणूस अजून पीत असला तरीही तिथं जाता येतं.