पेकिंग ते श्रीनगर, खुष्कीच्या मार्गाने

1935 साली चीनमधून सिंक्यांगमार्गे हिंदुस्थानात खुष्कीने येणे जवळजवळ अशक्य झाले होते. सिंक्यांगमध्ये नुकतीच बंडाळी होऊन गेली होती. उरुम्चीत शेंग शित्साईची राजवट सोव्हिएत रशियाच्या आधारावर उभी होती, दक्षिणेकडचा खोतानचा मुलूख तुंगान म्हणजे चिनी मुसलमान बंडखोरांच्या हातात होता आणि परदेशी वार्ताहर दोघांनाही नको होते. तेथे नेमके काय चालले आहे, याची खात्रीची बातमी बाहेर येत नव्हती. ती आणण्यासाठी लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर पीटर फ्लेमिंग आणि स्विस लेखिका एला मायार फेब्रुवारीत पेकिंगहून निघाले. दोघांनाही एकट्याने फिरण्याची आवड. एकत्र जाणे ही केवळ सोय होती.

कान्सूतून जाणारा नेहमीचा रस्ता त्यांनी टाळला, आणि प्रवास तडीला गेला तो या निर्णयामुळेच. लानचौ आणि शिनिंग मागे टाकून, कोकोनोर सरोवराच्या काठाने ते त्सैदामच्या ओसाड, खाऱ्या पठारावर उतरले. तिकडून कोणी सिंक्यांगमध्ये शिरेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती, त्यामुळे पहाराही नव्हता. मात्र पाणी, चारा आणि वाटाडे यांचीही तेवढीच वानवा होती. खाणे म्हणजे त्साम्पा, अर्थात भाजलेल्या सातूचे पीठ, चहा आणि फ्लेमिंग हलक्या बंदुकीने मारून आणील ती शिकार. स्वयंपाक, कपड्यांची डागडुजी आणि जनावरांच्या जखमा मायारकडे. तिचे रशियन येथे फार कामी आले, कारण पुढची वाट दाखवणारा माणूस त्सैदाममध्ये राहणारा एक रशियन होता. फ्लेमिंगला पुढे जाण्याची घाई, तर मायारला प्रत्येक मुक्कामी रेंगाळावेसे वाटे. यावरून दोघांत कुरबुरी झाल्या, पण सोबत तुटली नाही.

थकलेली जनावरे वाटेत सोडत ते चेर्चेनला पोहोचले. पुढे केरिया, खोतान, यारकंद आणि काशगर. काशगरच्या ब्रिटिश वकिलातीत कित्येक महिन्यांनी त्यांना नीट अंथरूण मिळाले. तेथून पामीर ओलांडून, सुमारे 4,700 मीटर उंचीच्या मिंटाका खिंडीतून हुंझा आणि गिलगिट गाठून सप्टेंबरमध्ये ते श्रीनगरला आले. एकूण वाट साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक होती.

दोघांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. फ्लेमिंगचे पुस्तक राजकारण समजण्यासाठी चांगले, पण तिथली माणसे मायारच्या पुस्तकात अधिक जिवंत भेटतात. दुसऱ्या महायुद्धात दोघेही पुन्हा हिंदुस्थानात होते: फ्लेमिंग दिल्लीत शत्रूची दिशाभूल करणाऱ्या लष्करी विभागाचा प्रमुख म्हणून, तर मायार तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या सान्निध्यात.